टाके न दिसलेलं ऑपरेशन

कवडू पौनीकराच्या हातमागाची खटखट थांबली की गोळीबार चौकामागच्या गल्लीत लोक समजत, जेवणाची वेळ झाली. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडायचे, समोरचा लाकडी दांडा पोटाशी घ्यायचा आणि रेशीमकाठी लुगडं विणायचं. कवडूला दुसरं काही येत नव्हतं आणि यावं असं वाटतही नव्हतं.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याला शौचावाटे रक्त जाऊ लागलं. नागपूरचं ऊन, त्यात सावजी रस्सा, उष्णताच असणार म्हणून तो ताक पीत राहिला. ताकानं काय व्हायचं! शेवटी बायकोनं, जिजाबाईनं, त्याला रिक्षात घालून धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, तुकडा काढून तपासणीला पाठवला आणि सांगितलं की गुदाशयात कॅन्सरची लहानशी गाठ आहे. वाढलेली असती तर पोट फाडून शौचाची वाट पोटावर काढावी लागली असती, तिथे कायमची पिशवी.

कॅन्सर राहिला बाजूला, कवडूच्या डोक्यात पिशवीच बसली. पोटाशी दांडा घेता आला नाही तर माग चालायचा कसा, एवढंच त्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, गाठ सुरुवातीची आहे, वरवरची आहे. खालच्या वाटेनंच काढू, पोटाला हात लावणार नाही.

तसंच झालं, आणि आठवड्याभरात माणूस घरी आला. खरी पंचाईत पुढेच होती. आमच्याकडे ऑपरेशनवाल्याला भेटायला आलेला माणूस टाके पाहिल्याशिवाय उठत नाही. कवडूनं सदरा वर केला, तर पोट कोरं करकरीत! ऑपरेशन कुठून झालं हे सांगायची त्याला लाज. गल्लीनं काय ते ओळखलं: डॉक्टरांनी हात टेकले, न चिरताच परत पाठवला. मग कुणी शिरा आणला, कुणी बासुंदी, आणि सगळे हळू आवाजात बोलू लागले. कवडूनं आधी मनसोक्त चापलं. पण हळूहळू त्यालाच भीती वाटायला लागली.

"जिजे, डॉक्टर मले खरं सांगून राहिले ना वं?"

मग काढलेल्या गाठीच्या तपासणीचा अहवाल आला. गाठ पुरती निघाली होती, कडेला काही उरलं नव्हतं. दाखवायला येत राहा आणि महिन्यानं मागावर बसा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

महिन्यानं शेजारचा रुपराव चेहरा पाडून भेटायला आला, तर कवडू खड्ड्यात उतरत होता.

"काहून गा, आता कशाले जिवाले त्रास देऊन राहिला?"

कवडूला हसू आवरेना. लाज गेली खड्ड्यात. "रुपराव, टाके पाह्यचे असन तं मांगून ये गा. डॉक्टरनं गाठ तिकडूनच काढली."

रुपराव भिंतीला टेकून हसत सुटला. कवडूनं दांडा पोटाशी ओढला. तो नेहमीच्या जागी टेकला. मध्ये काही आलं नाही, दुखलंही नाही. त्यानं ताणलेल्या धाग्यांमधून धोटा फेकला.

आत चुलीपाशी जिजाबाईनं खटखट ऐकली आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू तिनं मोकळं केलं. मग डोळे पुसून तिनं रुपरावासाठीही चहा टाकला.