टेकडीवरचा ताप

शहराबाहेरच्या टेकडीवर पाण्याची मोठी टाकी होती आणि टाकीला खेटून एक खोली. त्या खोलीत राहणाऱ्या माणसाला खाली सगळे टाकीवाला म्हणत. सकाळी व्हॉल्व्ह उघडायचा, दुपारी बंद करायचा, पातळीवर नजर ठेवायची, हे त्याचं काम. पाणी वेळेवर आलं की त्याची आठवण कुणालाच यायची नाही. जरा उशीर झाला, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. बायको कधीच वारली होती. मूलबाळ नव्हतं. थोरली बहीण खाली राहायची, पण तिचे गुडघे दुखरे आणि चढ उभा. मग बोलणार कोणाशी? टाकीशी?

खोलीचं छत जुन्या फळ्यांचं होतं आणि फळ्यांवर उंदरांनी संसार थाटला होता. "झोपू द्या की मेल्यांनो!" असं तो रोज ओरडायचा. त्यांनी त्याचा एकुलता एक स्वेटर कुरतडला, तेव्हा मात्र त्याचं डोकं फिरलं. त्यानं औषध घातलं. आठवडाभरात वर सामसूम झाली. मेलेले उंदीर हाताला लागले तेवढे त्यानं बाहेर पुरले; आतल्या घरट्यांपर्यंत हात पोचला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी त्याला ताप आला. साधासुधा नव्हे. दात वाजायला लागले, डोकं फुटेल असं दुखलं, पिंढऱ्यांत गोळे आले. कसाबसा व्हॉल्व्हपर्यंत जायचा आणि येऊन पडायचा. मग एका दुपारी अंगाची लाही झाली, घामानं गादी भिजली, आणि ताप झटकन उतरला. अशक्त पावलांनी तो दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "आता तर अंग गार आहे. विश्रांती घ्या."

आठवडाभर बरा होता. मग पुन्हा तेच. पुन्हा उतरल्यावर तो खाली गेला, रक्त दिलं, मलेरिया निघाला नाही. परतताना बहिणीकडे डोकावला. दाजी मिशीत हसले. "तुझा ताप भलताच शहाणा दिसतो रे! डॉक्टर दिसला की पळतो." घरातले सगळे हसले. तोही हसला. पण चढ चढताना ते शब्द सलत राहिले. आपल्या आजारपणालाही कुणी साक्षीदार नाही, असं त्याला वाटलं.

तिसऱ्यांदा हुडहुडी भरली, तेव्हा तो पडून राहिला नाही. त्यानं दुपारी व्हॉल्व्ह बंद केला आणि तसाच तापात टेकडी उतरला. दोनदा वाटेत बसला. दवाखान्याच्या बाकावर तो अक्षरशः कोसळला.

"तापात आलात, हे फार बरं केलंत. काही जंतू ताप असतानाच रक्तात दिसतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि लगेच रक्त घेतलं. सूक्ष्मदर्शकातून बऱ्याच वेळानं मान वर करून त्यांनी विचारलं, "घरात उंदीर आहेत?"

"होते. मारले."

"मग त्यांच्या रक्तावर जगणारे गोचीड कुणाकडे जाणार?"

"पण मला काही चावलंच नाही."

"कळत नाही. झोपेत येतात, थोडं रक्त पितात, परत फटीत जातात. जाताना जंतू सोडतात, स्प्रिंगसारखे वळलेले. शरीर त्यांना ओळखून मारतं, तेव्हा ताप उतरतो. जे उरतात ते रूप पालटून पुन्हा वाढतात. तेव्हा तो उलटतो." मग त्या म्हणाल्या, "गोळी देते. पण जंतू एकदम मरतात, त्यामुळे काही तास त्रास वाढेल. इथेच थांबा. घरचं कोण आहे?"

"कुणी नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "बहीण आहे."

बहीण आली तेव्हा तो खाटेसकट थरथरत होता. तिनं त्याचे दोन्ही हात घट्ट धरले.

"वर असंच व्हायचं?"

"हो."

"आणि मग?"

"उतरायचा. घाम पुसायचा आणि कामाला लागायचं."

"एक फोन करता आला नाही तुला?"

"चढलेला असताना शब्द फुटायचा नाही, ताई. उतरल्यावर काय सांगायचं?"

तिनं पदर डोळ्यांना लावला. "यांचं बोलणं मनावर घेतलंस ना? मीही हसले रे त्या दिवशी."

संध्याकाळपर्यंत थरथर थांबली. औषधाचे दिवस पुरे झाले आणि ताप पुन्हा आला नाही. पाणीपुरवठा खात्यानं खोलीचं छत उचकटलं, घरटी जाळली, फवारणी केली. त्याची बदली खालच्या पंपघरात झाली. तिथे तिघं कामाला होते. जेवायच्या सुट्टीत तो डबा घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा.

"अहो, भिंत तुमची सोयरी आहे का? इकडे या की," एक जण म्हणाला.

तो गेला, मांडी घालून बसला. तिघं एकमेकांची थट्टा करत होते. काय बोलावं ते त्याला सुचेना. माणसांत वावरायची सवयही मोडते, हे त्याला तेव्हा कळलं. सुट्टीच्या दिवशी बहिणीकडे जायचा, पण पोराबाळांच्या गलक्यानं त्याला लवकरच शीण यायचा. "थांब की जेवायला," ती म्हणायची. कधी थांबायचा, कधी चपला घालून निघायचा.