सुलभाताई आणि सईच्या वर्गातला पंखा

फोन आला तेव्हा मी कार्यालयात आलेलं टपाल नोंदवत होते. तिवस्याच्या एका शिक्षिकेने सांगितलं, वानखडे मॅडम गेल्या. सकाळी शाळेत जायला बस स्टँडवर उभ्या होत्या, छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी फोन ठेवला आणि उरलेली पाच पाकिटं नोंदवून टाकली. संध्याकाळी पाहिलं तर पाचही चुकीच्या रजिस्टरात. त्याला आता पाच आठवडे झाले, आणि अजूनही शाळेचं काही निघालं की हात आधी त्यांचा नंबर शोधतो…

सुलभाताई वानखडे फिरत्या विशेष शिक्षिका होत्या. ज्या मुलांना ऐकायला, पाहायला, वाचायला अडचण आहे, त्यांच्यासाठी वर्गात नेमकं काय करायचं हे शाळेबरोबर बसून ठरवायचं आणि त्याचा आराखडा लिहायचा, हे त्यांचं काम. मूळच्या तेल्हाऱ्याच्या, राहायला अमरावतीत, आमच्या राजापेठेतच. माझी मुलगी सई दोन्ही कानांना ऐकायची मशीन लावते. ती सहावीत गेली आणि एकाएकी मागे पडायला लागली. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं आणि फार गोड आवाजात सुचवलं, की वार्षिक परीक्षेपर्यंत बघू, नाहीतर तिला कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत घातलेलं बरं. त्या शाळा वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पण सईची घरातली जागा, तिच्या मैत्रिणी, तिचं भांडकुदळ तोंड, हे सगळं एका ट्रंकेत भरून पाठवायचं, ते मला जमणारं नव्हतं.

तेव्हा सुलभाताईंची आणि माझी पहिली बैठक झाली. शाळेने आराखडा तयारच ठेवला होता. ‘आवश्यकतेनुसार विशेष लक्ष द्यावे. शक्यतो पुढे बसवावे. यथायोग्य सहकार्य करावे.’ मी स्वतः कारकून. ‘आवश्यकतेनुसार’ लिहिलं की काम कुणाच्याच टेबलावर जात नाही, हे मला पक्कं ठाऊक; मीच रोज लिहिते. तरी मी खूश होऊन मान डोलावली. ताईंनी मात्र पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “उद्या सकाळी हे कोन करन, तेवढं सांगा.” मग त्यांनी प्रत्येक ओळ मोडून पुन्हा लिहायला लावली. काय करायचं, कोण करणार, कोणत्या तासाला. मुख्याध्यापक घड्याळ बघत राहिले आणि ताई ओळी लिहीत राहिल्या. मला ही बाई जरा जास्तच चिवट वाटली, हे कबूल करते.

त्यांच्या त्या नव्या आराखड्यात एक ओळ होती: ‘सई बसते त्या बाकावरचा पंखा तास चालू असताना बंद ठेवावा, जबाबदारी वर्गशिक्षिकेची.’ कारणही बरोबर होतं. कानातली मशीन शिकवणाऱ्याचा आवाज वाढवते तसा पंख्याचाही वाढवते, आणि तो पंखा जुना, खरखर करणारा. ओळ इतकी स्पष्ट होती, की शाळेने ती तंतोतंत पाळली. हिवाळाभर कुणाला काही वाटलं नाही. मग आला मार्च. आमच्याकडचा मार्च म्हणजे काय, ते अमरावती-अकोल्यात एक उन्हाळा काढलेल्याला सांगायला नको. बाकी पंखे फिरायचे आणि सईच्या बाकाभोवतीची बारा पोरं घामाने भिजून वहीची पानं हलवत बसायची. मैत्रिणींनी डबा वेगळा खायला सुरुवात केली. आणि एक दिवस मला कळलं, की सई वर्गात गेल्याबरोबर मशीन काढून दप्तरात टाकते आणि स्वतः उठून पंखा लावते. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. मी तिला फाडफाड बोलले. ती ऐकून घेत होती. तेव्हाही मशीन कानात नव्हती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सुलभाताईंना सांगितलं तेव्हा वाटलं होतं, त्या शाळेवर चिडतील. त्या दुसऱ्या दिवशी मला घेऊन शाळेत आल्या आणि वर्गात जाऊन बसल्या. आधी सईच्या बाकावर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, असं दोन तास पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून हिंडत होत्या. मधल्या सुट्टीत त्यांनी सईला विचारलं, तुला काय पाहिजे. सई म्हणाली, “पंखा चालू राहू द्या. मले मॅडमचं तोंड दिसलं पाह्यजे, बस.” वर्गशिक्षिका फळ्याकडे वळून लिहिता लिहिता बोलायच्या. ओठ दिसेनासे झाले की सईचा धडा तिथेच तुटायचा. हे आम्हा चार मोठ्या माणसांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

परत येताना रिक्षात ताईंनी आराखडा पुन्हा उघडून वाचला. मग म्हणाल्या, “म्या साऱ्यायले इचारलं… पोरीलेच इचाराचं राहून गेलं.” इतकी वर्षं काम केलेल्या बाईने स्वतःची चूक इतक्या सरळ, जणू एखादी नवी वस्तू सापडावी तशी हातात धरून बघितलेली मी पहिल्यांदाच पाहिली. त्यांना वाईट वाटलं होतंच, पण त्याहून जास्त कुतूहल वाटत होतं. काहून राहून गेलं, हे त्या मलाही विचारत होत्या. मीही सईला कुठे विचारलं होतं?

आराखडा पुन्हा लिहिला गेला. भिंतीकडचा तिसरा बाक. बोलताना वर्गाकडे तोंड, लिहिताना बोलायचं नाही. घरचा अभ्यास फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात. आणि शेवटी: पंख्याची बेअरिंग शनिवारपर्यंत बदलावी, जबाबदारी शिपाईकाकांची. मुख्याध्यापक हसले, पण बेअरिंग बदलली. सई पास झाली, काठावर का होईना, आणि निवासी शाळेचा विषय कुणी काढला नाही.

आता ती आठवीत आहे. गेल्या आठवड्यात या वर्षीची बैठक झाली, ताईंशिवाय पहिलीच. मी घरून आठ मुद्दे लिहून नेले होते, प्रत्येकापुढे कोण आणि केव्हा. ताईंच्या जागी आलेल्या मॅडम तरुण आहेत, जरा घाबरलेल्या वाटल्या. त्यांनी मला विचारलं, हिला काय काय लागेल? मी पर्समधला कागद बाहेर काढला आणि एकदम ताईंची फार आठवण आली. कागद तसाच मांडीवर ठेवून मी शेजारी बसलेल्या सईकडे पाहिलं.

सईने डोळे बारीक केले. मग म्हणाली, “मॅडम, तुमी खिडकीसमोर बसल्या. मागून उजेड येते, तुमचं तोंड काळं दिसून राह्यलं.”

माझ्या आठ मुद्द्यांत हे नव्हतं. मॅडम उठल्या, खुर्ची ओढत भिंतीकडे आणली आणि पेनाचं टोपण काढलं.