डावखुऱ्या गिटारच्या तारा

लखनौच्या निशातगंज भागातल्या गिटार क्लासमध्ये विक्रम सरांनी सुचित्राच्या मांडीवरची गिटार उचलली, फिरवली आणि पुन्हा तिथंच ठेवली. "आंटी जी, राइट हैंड से. लेफ्ट से सिखाना हमारे बस का नहीं. आदत बदल लीजिए, नहीं तो अगले हफ़्ते से रहने दीजिए."

बोलणं अगदी लखनवी, गोड. पण मतलब तोच, जो तिनं जन्मभर ऐकला होता.

सुचित्रा जात्याच डावखुरी. साताऱ्याला लहानपणी आई जेवताना तिचा डावा हात परकराच्या नाडीला बांधून ठेवायची. शाळेत बाईंनी पट्टीचा प्रसाद देऊन पेन्सिल उजव्या हातात कोंबली. लग्न होऊन लखनौला आली तर सासूबाई म्हणाल्या, डाव्यानं वाढलेल्या ताटाला मी हात लावणार नाही. तेही ती शिकली. उजव्यानं जेवली, वाढलं, सरकारी नोकरीभर उजव्यानं सह्या ठोकल्या. डाव्याच्या वाट्याला उरलं भाजी चिरणं, तेही घरात पाहुणे नसताना. याचा तिला मनस्वी संताप होता, फक्त तो काढायला सवड मिळाली नव्हती. आता ती निवृत्त झाली होती, आणि मुलगा अनिकेत माळ्यावर टाकून गेलेली क्लासिकल गिटार तिनं पुसून घेतली होती.

महानगर कॉलनीतल्या घरी येताच तिनं जाहीर केलं, "मी तारा उलट्या क्रमानं लावणार. जाडच्या जागी बारीक, बारीकच्या जागी जाड. मग डाव्यानं वाजवता येईल."

तिचा नवरा सदाशिव रेल्वेतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला. पेपर खाली न ठेवताच तो म्हणाला, "अगं, सगळं आयुष्य उजव्यानं काढलंस. आता थोडं अ‍ॅडजस्ट कर ना यार."

"अ‍ॅडजस्ट करूनच म्हातारी झाले. तुम्ही गिटार धरा. तोंड उघडायचं नाही."

तो निमूट धरून बसला. तिनं नायलॉनच्या जुन्या तारा एकेक सैल करून काढल्या. गिटारच्या मानेच्या टोकाला खाचांची पट्टी होती. जाड तारेच्या खाचा रुंद, बारीक तारेच्या अरुंद. ती पट्टी लाकडाच्या तुकड्यानं हलकेच ठोकून सोडवली, उलटी फिरवून चिकटवली आणि सुकायला ठेवली. संध्याकाळी नव्या तारा घेतल्या. खालच्या पट्टीच्या भोकातून तार ओवायची, मागे वळवायची, स्वतःखालूनच गुंडाळून अडकवायची. तारांसोबतच्या पुस्तिकेतली चित्रं उजव्या हाताच्या माणसांसाठी. त्यांच्या बरहुकूम बांधलेली पहिली तार पिळताच सुटली आणि फटकन बोटावर बसली. सदाशिवनं तोंड उघडलं.

"बोलू नका!" ती ओरडली. मग चित्र बाजूला सारलं आणि डाव्या हाताला वळेल तशी गाठ मारली. एक वेढा जास्तच दिला. गाठ टिकली. साऱ्या टिकल्या. बोट चुरचुरत होतं, पण तिला इतका आनंद झाला की तिला रडूच आलं. नव्या तारा ताणल्या जातात, सूर उतरत राहतात, म्हणून आठवडाभर ती जाता-येता खुंट्या पिळत राहिली.

पुढच्या वर्गाला ती विक्रम सरांच्या अगदी समोर बसली, गिटार डावखुरी धरून. सरांच्या कपाळावर आठी आली. "आंटी जी, हमने कहा था…"

"तुम्ही वाजवा. मी आरशात बघितल्यासारखं करते," ती मराठीत म्हणाली, आणि समजलं नसेल म्हणून पुन्हा हिंदीत.

सरांनी नाइलाजानं सप्तक वाजवलं. त्यांचा जो हात जिकडं सरकला, समोरून तिचाही तिकडंच. तिचा एक सूर घसरला. ती थांबली नाही, शेवटपर्यंत गेली.

सर पुढं झुकले. खालच्या गाठींवरून बोट फिरवून म्हणाले, "उलटे तार बँधवाए हैं? किसने बाँधे? किस दुकान से?"

सुचित्रानं सगळ्या वर्गासमोर डावा हात वर केला.

"इसने."