एक जूनचा जन्म

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, आणि सांगतानाही मनात येतंय — हा माणूस पुढे कुणापाशी बोलणार तर नाही ना? स्वभावच तसा, काय करणार. भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघणाऱ्या घरात मी वाढलो.

बारावीच्या निकालानंतर तर मला नाशिकमध्ये कुणाचेच मार्क खरे वाटेनात. याला खेळाचे वाढीव मिळाले — हा कधी खेळला? त्याला प्रॅक्टिकलला एवढे — मामा कॉलेजात असणार. सीईटी यायच्या आधीचा काळ तो. इंजिनीअरिंगचा प्रवेश तीन विषयांच्या बेरजेवर. बेरीज सारखी आली तर गणिताचे मार्क बघायचे. तेही सारखे असले तर ज्याचं वय जास्त, त्याला जागा. नियम इतका सरळ, की मला त्यातच काहीतरी काळंबेरं वाटायचं.

सोमनाथ माझ्या बाकावरचा मित्र. सायखेड्याहून एसटीनं यायचा आणि माझ्यासाठी हमखास भुईमुगाच्या शेंगा आणायचा. आमची बेरीज सारखी आली. गणितही सारखं. त्याच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून. माझा जन्म त्याच जूनमधला, पण आठवडाभरानंतरचा. म्हणजे तो माझ्या पुढे.

एक जून! ज्या पोराची तारीख घरच्यांना सांगता येत नाही त्याला खेड्यातले मास्तर एक जून लावून टाकत, हे कुणाला माहीत नाही? त्याच्या शाळेत निम्म्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी. मला त्या तारखेचा संशय आला — असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण तो संशय होता का?

नव्हता. मला माहीत होतं. अकरावीत त्याच्या घरी जेवायला गेलो होतो, तेव्हा पानात भाकरी वाढताना त्याची आई म्हणाली होती, "आमचा सोमा सिंहस्थात झाला बरं का. नाशकाला ही गर्दी! दवाखान्यात न्यायला गाडी मिळंना. मास्तरनी पुढच्या सालचा जून लिवला." तो सिंहस्थ माझ्या जन्माच्या आदल्या वर्षीचा. म्हणजे तारीख खोटी होती खरी, पण खरी लावली असती तर तो माझ्याहून आणखीच मोठा निघाला असता. कसंही मोजा — जागा त्याचीच.

प्रवेशाच्या दिवशी पुण्याच्या सरकारी कॉलेजात हॉलबाहेर आम्ही शेजारी बसलो होतो. एकच जागा उरली होती. खासगी कॉलेज दोघांच्याही घरी झेपणारं नव्हतं. मी त्याच्याकडे झुकलो आणि हळूच म्हणालो — तुझी तारीख खोटी आहे, पकडली तर केस होते, लिहिणाऱ्यालाही आत घेतात. हे मी कुठे ऐकलं होतं? कुठेच नाही. तिथल्या तिथे रचलं.

"मास्तरला पण?" त्यानं विचारलं. एवढंच.

मी मान हलवली. ते मास्तर त्याला सुट्टीत घरी बोलावून गणित शिकवायचे — हेही मला माहीत होतं.

त्याचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. तो फरशीकडे बघत बसून राहिला. मग माझं नाव आलं आणि मी उठलो.

मी इंजिनीअर झालो. तो नाशिकलाच बीएस्सी करून अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरला लागला. काही वर्षांनी त्याच कारखान्यात मी मशीन बसवायला गेलो, तेव्हा गेटवर भेटला. ओढून चहाला नेलं, मला खिशात हात घालू देईना. आणि माझ्या मनात काय यावं? हा एवढं गोड का वागतोय — याला सगळं कळलेलं दिसतंय. कप हातात धरून मी वाट बघत राहिलो.

त्यानं आवाज खाली आणला.

"मास्तर मागच्या साली गेले रे. शेवटपर्यंत कुणी काही विचारलं नाय त्यांना. तू कुठं बोलला नाहीस, म्हणून. लय उपकार झाले तुझे."

"अरे, त्यात काय," मी म्हणालो.