अरबी चार
काल इथे आखातात, अल बर्शातल्या आमच्या इमारतीत मला पार्किंगची जागा मिळाली आणि खांबावरचा अरबी चार बघून तो बास्केटबॉलचा सामना आठवला. तेव्हा मी इथल्या एका पेपरच्या क्रीडापानावर नवा होतो, प्रोबेशनचा शेवटचा आठवडा होता. ट्रॅफिकमुळे सामना संपल्यावर पोचलो आणि अरबीतल्या गुणपत्रकावरून बातमी लिहिली. अरबी चार आपल्या सहासारखा दिसतो. चार नंबरच्या अमेरिकन फॉरवर्डचे सगळे गुण मी सहा नंबरच्या खेळाडूला देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी तो फॉरवर्ड पेपर घेऊन, दारात वाकून ऑफिसात आला. वसईचे आमचे संपादक मला म्हणाले, "अरे बाबा, मॅच बघितलीस की समोसे खाल्लेस? सामान आवर." मी पत्रकावर बोट ठेवून फॉरवर्डला इंग्रजीत चूक सांगितली, नोकरी जातेय हेही सांगितलं. फॉरवर्ड हसला आणि संपादकांना म्हणाला, "कॉलेज संपल्यापासून हा माझा पाचवा देश. पहिल्या देशात पाटी वाचता आली नाही, चुकीच्या बसमध्ये बसलो, सामना बुडाला. कोचने तरी ठेवून घेतलं. दुरुस्ती यालाच लिहू द्या. खलास, विषय संपला." दुरुस्ती मीच लिहिली, ती दुसऱ्या दिवशी छापून आली. आठवड्याअखेर मला कायम केलं. त्या दुरुस्तीचं कात्रण अजून माझ्या पाकिटात आहे.