मृग कंपनीचा लॅपटॉप

जरीपटक्यात माझं लॅपटॉपचं दुकान आहे. तीन कंपन्यांचा माल मी शेजारी शेजारी मांडते आणि तिघांचेही प्रतिनिधी आले की दुसऱ्याचा बोर्ड मागे ढकलून आपला पुढे करतात. त्यातला एक पुण्याहून नवीनच आलेला. ‘मार्केट शेअर’शिवाय त्याचं एक वाक्य पुरं होत नसे.

त्या दिवशी काटोलचे एक संत्रा व्यापारी नातीसाठी लॅपटॉप बघत होते. या पुणेकराने लगेच बाजार-पाहणीचा फॉर्म काढला. “काका, काटोलच्या मार्केटमध्ये सध्या कोण पुढे आहे?”

“मृगच पुढे आहे गा. आंबिया तं यंदा पार झोपला.”

मृग आणि आंबिया हे संत्र्याचे दोन बहर. यानं दोन्ही नावं प्रतिस्पर्ध्यांच्या रकान्यात लिहून घेतली. “मृग स्वस्तात देतात का?”

“स्वस्त? भाव तं त्यालेच आहे! ट्रक भरभरून दिल्लीले जाऊन राहिला.”

मी पेन शोधायच्या निमित्ताने काउंटरखाली वाकले ती वर आलेच नाही. हसून हसून पोट दुखायला लागलं. सांगायला हवं होतं, कबूल. पण रोज माझी मांडणी विस्कटणाऱ्याला मी काहून सांगू?

पंधरा दिवसांनी त्याच्या मोठ्या साहेबांचा मलाच फोन आला. आवाज चिंतेचा. “मॅडम, या मृगला टक्कर द्यायची तर आम्ही काय करायला हवं?”

“साहेब,” मी म्हटलं, “आधी मालात रस पाहिजे.”