वॉशरची बाटली

कॅनडातलं एडमंटन ही आपली शेवटची पोस्टिंग, असं हे सांगतात. हे म्हणजे माझे यजमान. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. एमटीमध्ये, म्हणजे फौजेच्या वाहन विभागात, ड्रायव्हर होते, बर्फाच्या घाटांत ट्रक चालवले. आता आम्ही मुलाकडे, नीलेशकडे असतो. तो उत्तरेला तेलाच्या साइटवर दोन आठवडे राहतो आणि एक आठवडा घरी येतो. एरवी घरात मी, हे आणि आमची सून केतकी. गाडी केतकी चालवते.

मी चौथी शिकले. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. वहीत लिहिता येतं.

यांची फर्स्ट पॅरेड इथेही कधी चुकली नाही. फर्स्ट पॅरेड म्हणजे गाडी निघण्याआधीची तपासणी. रोज सकाळी साडेसहाला हे ड्राइव्हवेत जायचे. ऑइल, टायरची हवा, दिवे, वायपर. शेवटी वॉशर, म्हणजे काच धुणारा फवारा. आत बसून दांडी ओढायची, काचेवर फवारा उडाला की म्हणायचे, "शीशा साफ. गाडी तैयार."

केतकी हसायची. "बाबा, माझी कार आहे, टँक नाही."

"टँकला एवढी मोठी काच नसते पुसायला. तुझ्या गाडीला आहे."

थंडीच्या सुरुवातीला यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी थंडीत बाहेर पडायला मनाई केली. पॅरेड माझ्याकडे आली. यांनी मला आठवडाभर गॅरेजच्या दारातून शिकवलं. बॉनेट उघडायचं, काठी लावायची, निळ्या झाकणाच्या बाटलीत वॉशरचं पाणी भरायचं. ते साधं पाणी नसतं, न गोठणारं असतं. हे खिडकीत उभे राहायचे आणि मी अंगठा वर करायची.

एके दिवशी बाटली रिकामी झाली. गॅरेजच्या फळीवर दोन कॅन होते. एक नवा, सील न फोडलेला. एक जुना, बराचसा भरलेला, त्यावर किड्याचं चित्र. लोणच्याची जुनी बरणी संपल्याशिवाय मी नवी उघडत नाही. यांच्या फौजेतल्या स्टोअरचाही हाच कायदा होता, जुना माल आधी. मी जुना कॅन ओतला. फवारा उडाला. अंगठा वर केला.

तो कॅन उन्हाळ्यातला होता, काचेवर चिकटलेले किडे काढायचा. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण आकडे येतात. नव्या कॅनवर वजा चाळीस लिहिलं होतं, म्हणजे तेवढ्या थंडीतही न गोठणारं. जुन्यावर तसा आकडा नव्हता. मी पाहिलंच नाही.

त्या रात्री वजा एकतीस अंश होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी यांची डॉक्टरांकडे तपासणी होती. उशीर होत होता. दांडी न ओढताच मी अंगठा वर केला. आठला निघालो, तेव्हा वजा पंधरा. केतकी चालवत होती, हे तिच्या शेजारी, मी मागे चहाचा थर्मास घेऊन. हायवेवर मीठ टाकलं होतं आणि बर्फाचा काळा चिखल झाला होता.

आठ वाजून वीस मिनिटांनी एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून गेला. सगळा चिखल काचेवर आला. केतकीने वायपर लावले. चिखल पसरला आणि काच पांढरी झाली. तिने दांडी ओढली. मोटर घरघरली. पाणी आलं नाही. पुन्हा ओढली.

"बाबा, I can't see! काहीच दिसत नाहीये!"

"ब्रेक नको," हे म्हणाले. "पाय उचल. हॅझर्डचे दिवे लाव."

"मागे गाड्या आहेत!"

"मागचं मागे. स्टिअरिंग सरळ धर."

यांनी आपली काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं. टोपी उडून गेली.

"कडेची रेघ मला दिसते. तू फक्त माझा आवाज ऐक. थोडं उजवीकडे."

"किती?"

"थोडं. अजून. बस. असंच धर. आता हळू ब्रेक. हळू. हॉल्ट."

गाडी कडेला थांबली. मी थर्मास उघडला, काचेवर चहा ओतावा म्हणून. "चहा नको, काच तडकेल," हे म्हणाले. ते आपल्या बाजूने उतरले आणि कडेचा कोरडा बर्फ मफलरमध्ये घेऊन काच घासू लागले. ओठ निळे पडले होते. केतकीने तिच्या बाजूचं दार उघडायला हात घातला.

"दार बंद!" हे ओरडले. चाळीस वर्षांच्या संसारात मी तो आवाज ऐकला नव्हता. "रस्त्याच्या बाजूला कुणी उतरायचं नाही!"

तेवढ्यात एक ट्रक अगदी जवळून गेला. आमची गाडी हलली.

घरी आल्यावर केतकीने बॉनेट उघडलं. बाटलीत बर्फ होता. "कुणी भरलं हे?" ती स्वतःशीच म्हणाली. मी भाजी चिरायला आत गेले.

दोन दिवस यांना खोकला होता. छातीत दुखतं का, विचारलं की नाही म्हणायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी मी सांगितलं.

"बाटली मी भरली होती. जुन्या कॅनमधून. आणि त्या दिवशी फवारा न बघता अंगठा वर केला."

"माहीत आहे," हे म्हणाले.

मग मी न विचारताच सांगू लागले.

"कॉन्व्हॉय होता, फौजेच्या गाड्यांचा ताफा. माझा को-ड्रायव्हर नाईक शंकर भोईटे. सकाळी वॉशरची बाटली मी भरली. साधं पाणी भरलं. ऊन होतं, म्हटलं, चालतंय. वर चढलो तर सगळं गोठलेलं. काचेवर चिखल. भोईटे म्हणाला, वस्ताद, तुम्ही बसा, मी पुसतो. दरीच्या बाजूला जागा नव्हती, तो रस्त्याच्या बाजूला उतरला. मागून दुसरी गाडी आली. तिच्याही काचेवर चिखल होता."

"मग?"

"चौकशीत मी सांगितलं, फर्स्ट पॅरेड केली होती. ते खरं होतं. पाण्याचं कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही."

मी यांचा हात धरला नाही. आमच्यात तसं नाही. चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी यांनी मला पुन्हा शिकवलं. केतकीने गाडी दिवसभर एका बंद गरम पार्किंगमध्ये ठेवली, तेव्हा आतला बर्फ वितळला. सगळं जुनं पाणी उडवून संपवलं. वजा चाळीसचं भरलं. मग नळीतलं जुनंही जाऊन नवा रंग काचेवर येईपर्यंत दांडी ओढत राहायचं. नळीत राहिलेलं थोडंसंही गोठतं. फवारा जिथून उडतो ते भोक टाचणीने साफ करायचं. आता फळीवर एकच कॅन असतो.

जुना कॅन मी ओतला होता, हे केतकीला माहीत नाही. तिला वाटतं, बाटली तिनेच कधीतरी भरली असेल. मी तिलाही सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.

रोज साडेसहाला मी बाहेर जाते. कॅनवरचा आकडा वाचते. फवारा दोनदा उडवते. मग खिडकीकडे बघून अंगठा वर करते. हे आत टाचा जुळवून उभे असतात. ते सॅल्यूट करतात. तो मला नसतो. नाईक शंकर भोईटे यांचं नाव मी मनात घेते आणि बॉनेट बंद करते.